पुएर्तो एस्कोन्दीदोचं इटालियन: जेवणाला नऊ, पंख्याला शून्य

पंख्याखालच्या टेबलावर बसू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

मी म्हणतेय ते इथलं एक छोटं इटालियन हॉटेल. छताच्या मधोमध एकच मोठा पंखा आणि त्याखाली तीन टेबलं. आत आलेला प्रत्येक जण तिकडेच धावतो. ज्याने मे महिना कोकणात काढलाय त्याला इथला घामट उकाडा समजावून सांगायला नको. फेब्रुवारीत आम्ही इथे, मेक्सिकोतल्या या समुद्रकाठच्या गावात, राहायला आलो तेव्हापासून मीही तिथेच बसायचे आणि काचो ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, मागवायचे. ताट समोर यायचं तेव्हा सॉस सायीसारखा मऊ, चकचकीत. चार-पाच घासांत पंख्याच्या वाऱ्याने निवून तो आळायला लागायचा आणि अर्ध्यावर आले की पेकोरिनो चीजचे चिवट गोळे काट्याला चिकटायचे. दोनशे वीस पेसोंचे गोळे! रुपयांत हजाराच्या वर जातात.

या पदार्थात चीज, मिरी, पास्ता आणि पास्त्याचं पाणी सोडून काहीच नसतं. क्रीम नाही, लोणी नाही. त्यामुळे सगळा खेळ तापमानाचा आणि पाण्यातल्या स्टार्चचा. २०२५ मध्ये काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी यावर चक्क शोधनिबंध लिहिला आणि त्याला इग नोबेलही, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्यांचा हिशेब असा: चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असेल तर सॉस टिकतो, एक टक्क्याच्या खाली गेलात की चीजच्या गुठळ्या होतात. त्या गुठळ्यांच्या अवस्थेला त्यांनी ‘मोझरेला अवस्था’ असं नाव दिलंय. पंखा हा घटक त्यांनी धरलेला दिसला नाही. त्यांनी इथे येऊन बसायला हवं होतं.

मी हे मालकाला सांगून पाहिलं. मालक लात्सिओचा, म्हणजे रोमच्या प्रांतातला. हा पदार्थ त्याच्या घरचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पास्ता आल्यावर तुम्ही नवरा-बायको गप्पा मारता. गप्पा नंतर मारा.” उत्तर उद्धट आहे आणि बरोबरही आहे. पण अर्धंच बरोबर. चार मिनिटांत जेवण उरकायला आम्ही काही लोकल पकडायला निघालेलो नाही. त्याची बायको याच भागातल्या पोचुत्ला गावची, गल्ल्यावर ती बसते. ती माझ्या बाजूने आहे. तो आत स्वयंपाकघरात गेला की ती हळूच उठून पंखा एकवर आणते. तो बाहेर आला की परत तीनवर.

जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. टेबलं मोजून दहाही नाहीत, डिसेंबरात मलाच जागा मिळत नाही. गावातल्या रिंकोनादा वस्तीत राहणाऱ्यांना एव्हाना कळलंच असेल. बाकीच्यांनी कारिसालियो किनाऱ्याच्या पायऱ्या चढून वर आल्यावर धापा टाकत कुणालाही विचारावं, ‘तो चिडका इटालियन कुठे बसतो?’

या गावात इटालियन जेवण शोधावं लागत नाही, त्यातून निवडावं लागतं. गाब्रिएले साल्वातोरेसने १९९२ मध्ये याच गावाच्या नावाचा चित्रपट काढला. तो पाहून इटलीतून लोक यायला लागले आणि त्यातले बरेच परत गेलेच नाहीत. आज सिकातेलाच्या किनाऱ्यापासून ला पुन्ताच्या टोकापर्यंत दर चार पावलांवर पिझ्झा मिळतो. त्यातला बराचसा पिझ्झा सर्फिंग करून आलेल्या भुकेल्या पोरांसाठी आहे, जाड आणि चीजने बुजलेला. भूक भागते. मी तिथे पुन्हा जात नाही.

गर्दीत दुसरी भर रस्त्याने घातली. वाहाका शहरातून, म्हणजे आमच्या वाहाका राज्याच्या राजधानीतून, इथे यायला पूर्वी घाटातून सहा-सात तास लागायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्रांका लार्गा–व्हेंतानिया हा नवा रस्ता सुरू झाला आणि तेच अंतर तीन तासांच्या आसपास आलं. शुक्रवारी दुपारी निघालेलं कुटुंब संध्याकाळी समुद्रावर. परिणाम माझ्या टेबलावर दिसतो: शुक्रवार-शनिवार जागा नाही, आणि मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकशे नव्वदचा असलेला काचो ए पेपे आता दोनशे वीसचा. मालक म्हणतो पेकोरिनो महागला. पेकोरिनो महागला असेलही, पण तो फक्त वीकेंडच्या गर्दीसोबत महाग होतो का, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

मग एवढं कुरकुरत मी तिथेच का जाते? तर शाकाहारासाठी. मेक्सिकोत राहिलेल्या शाकाहारी माणसाला मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. बाजारात शंभर पेसोंच्या आत पोटभर ‘कोमिदा कोर्रिदा’ मिळते, सूप, भात, भाजी, सरबत, सगळं. पण भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला आणि राजम्यासारखे ते फ्रिहोलेस डुकराच्या चरबीत परतलेले. वाहाकाची शान असलेली त्लायुदा, म्हणजे मक्याची मोठी कुरकुरीत पोळी, तिच्यावर सगळ्यात आधी ‘असिएन्तो’ फासतात, तीही चरबीच. ‘सिन असिएन्तो’ म्हणायला मी स्पॅनिशमधल्या ‘नमस्कार’च्याही आधी शिकले. अंडं मी खाते, मासे-मटण नाही. या इटालियनकडे आठवड्यातून दोनदा काही न विचारता जेवता येतं, ही चैन मला दोनशे वीस पेसोंना परवडते.

काही न विचारता हे माझ्यापुरतं. जुलैत पुण्याहून मैत्रीण आली, कट्टर शाकाहारी. तिने मालकाला सरळ विचारलं, पेकोरिनोत काय असतं? दुसरा कुणी ‘दूध, दूध’ म्हणून मोकळा झाला असता. याने सांगितलं, हे चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, पार्मिज्जानोला वासराचं, दोन्ही तुला चालणार नाहीत. आणि न मागता तिच्यासाठी छोल्यांचा पास्ता केला, पास्ता ए चेची. लसूण, रोझमेरी, थोडा टोमॅटो, चीजचा कणही नाही. मेनूवर तो नाही, विचारा. त्या ताटाने मला जरा विरघळवलं हे कबूल करते. आणि तिथे कळलं की अस्सलपणा म्हणून मी काय शोधत होते. भिंतीवर रोमचे फोटो लावलेत म्हणून नव्हे, तर पदार्थात काय आहे ते मालकाला ठाऊक आहे आणि तो लपवत नाही, म्हणून मी त्याला अस्सल म्हणते.

तसा तो हट्टाचंही प्रदर्शन करतो. एका अमेरिकन बाईंनी सीझर सॅलड मागितलं. तो म्हणाला, “ते मेक्सिकन आहे, तिहुआनाला जा.” बाई चिडल्या. पण तो खरं बोलत होता. १९२४ मध्ये चेझारे कार्दिनी नावाच्या इटालियन माणसाने ते तिहुआनातच पहिल्यांदा बनवलं. सॅलड मिळालं नाहीच. हॉटेल चालवणाऱ्याने इतकं बरोबर असू नये असं माझं मत आहे, पण ऐकायला मजा आली.

सॅलडचा विषय निघालाच आहे तर, फार्रोचं सॅलड घेऊ नका. एकशे ऐंशी पेसो. फार्रो म्हणजे आपली खपली, तोच गहू. सांगली-कोल्हापूरकडे तिची खीर होते. घरी पिशवीभर खपली पडलेली असताना मूठभर खपलीला आठशेच्या वर रुपये द्यायला माझा हात धजत नाही. चव उत्तम आहे, नवरा दर वेळी मागवतो, मी दर वेळी किंमत वाचून दाखवते.

टोमॅटोबद्दल मात्र माझं मत बदललंय. मार्चमध्ये मी इथल्या स्पागेत्ती पोमोदोरोवर मनात काट मारली होती. टोमॅटो ज्या देशातून जगभर गेला, त्याच देशात बसून हा माणूस इटलीहून आलेले डबे फोडतोय, हे मला पटत नव्हतं. चव बरी होती, पण डब्याची होती. पावसाळ्यात एकदा ताट आलं ते वेगळंच, आंबटगोड, जरा खडबडीत. त्याच्या बायकोने बाजारातून ‘रिन्योन’ टोमॅटो आणायला सुरुवात केली होती. हा वाहाकातला जुना टोमॅटो, वळ्यावळ्यांचा, चपटा, दिसायला भोपळ्याचं पिल्लू. आता तो मिळतो तेव्हा पोमोदोरो त्याचाच होतो, नाहीतर डबा. मागवण्याआधी विचारा. डबा असेल तर नको म्हणा. आराब्याता या तिखट पास्त्यासाठीही ते इथलीच ‘चिले दे आर्बोल’ मिरची वापरतात आणि ती छान लागते. म्हणजे बायकोचं ऐकलं की त्याचं जेवण सुधारतं.

आता २०२५ च्या जूनची गोष्ट. एरिक वादळ १९ जूनला वाहाकाच्या किनाऱ्यावर, पिनोतेपाच्या बाजूला धडकलं, तिसऱ्या श्रेणीचं. आम्ही दारं-खिडक्या बंद करून बसलो होतो, घर शाबूत राहिलं. पण त्यानंतर वीज जी रुसली ती पावसाळाभर अधूनमधून जातच राहिली. अशाच एका संध्याकाळी आम्ही गेलो. दिवे नाहीत, गॅस चालू, गिऱ्हाईक आम्ही आणि कोपऱ्यात एक म्हातारं जोडपं. काचो ए पेपे आला. मी सवयीने भराभर खायला लागले, आणि मग लक्षात आलं की घाई कशाचीच नाही. शेवटच्या शेवईपर्यंत सॉस जसाच्या तसा! घामाच्या धारा लागल्या होत्या, डास पायांवर तुटून पडले होते, आणि मी ताट पुसून खात होते. मालक बाहेर आला, वर थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, माझ्या ताटाकडे पाहिलं. काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात वीज होती आणि पंखा पुन्हा तीनवर होता.

त्याच संध्याकाळी कार्डाचं मशीनही बंद. आमच्याकडे रोख पुरेशी नव्हती. मालकाच्या बायकोने वहीत लिहून घेतलं, उद्या द्या म्हणाली, बस्स. परदेशात उधारी मिळाली की माणूस तिथला झाला असं माझे वडील म्हणतात, आणि हे मी त्यांना फोन करून सांगितलंही.

मशीन चालू असतं तेव्हाचं सांगते. ते तुमच्यासमोर धरतात तेव्हा पडद्यावर टीप आधीच पंधरा टक्के निवडलेली असते. घाईत हिरवं बटण दाबलंत की गेले. मेक्सिकोत ‘प्रोपीना’ ऐच्छिक आहे, सक्ती करता येत नाही, हे इथल्या ग्राहक कायद्यात आहे. कर सोळा टक्के असतो, पण तो मेनूतल्या किमतीत धरलेलाच असतो, वर काही द्यायचं नसतं. हे मी नव्या वेटरला मोडक्या स्पॅनिशमध्ये ऐकवलं. तो बिचारा लाल झाला, मग मीच ओशाळले, कारण दोष मशीन तसं लावून ठेवणाऱ्याचा. दहा टक्के मी देते, पण रोख, टेबलावर, वेटरच्या हातात. पंधरा मी त्या छोल्यांच्या पास्त्याच्या दिवशी दिले होते, स्वखुशीने.

आणखी एक. ऑगस्टमध्ये मी घरून आलेली मिरी त्याला दिली, कुडाळच्या मावशीच्या बागेतली, सुपारीच्या झाडांवर चढलेल्या वेलांची. त्याने चार दाणे तव्यावर गरम करून ठेचले, वास घेतला, स्वयंपाकघरात हाका मारून बायकोला बोलावलं. त्या रात्री आमचा पास्ता त्या मिरीचा होता आणि मी या गावात खाल्लेला तो सर्वांत उत्तम पास्ता, पंख्याखाली बसूनसुद्धा. आता तो मला पुढची पुडी कधी येणार म्हणून विचारतो. बिल मात्र पूर्ण लावलं. मिरीसकट दोनशे वीस.

पिझ्झाबद्दल फार लिहीत नाही. भट्टी लाकडाची आहे, संध्याकाळी आठनंतर ती नीट तापते तेव्हा मार्गारिता झकास निघते. सातला गेलात तर तळ पांढरा राहतो. तिरामिसू उन्हाळ्यात मागू नका, थंड राहत नाही आणि तो तरीही विकतो.

सोमवारी बंद. ऑक्टोबरात मालक इटलीला जातो, तेव्हा महिनाभर बंद. कार्ड चालतं, पण रोखच न्या. आणि एटीएमवर ‘चलनाचं रूपांतर मान्य आहे का’ असं विचारलं की नाही म्हणा, नाहीतर त्यांच्या दराने कापून घेतात. पैसे शुक्रवार दुपारच्या आत काढा, नंतर वाहाकावाल्यांची रांग लागते.