शटर योयो, नऊ महिन्यांच्या वापरानंतर: सवय मोडलेल्या हातांसाठी

योयो-फॅक्टरीचा ‘शटर’ जुलै ते मार्च, रोज पाऊण तासाच्या आसपास वापरून झाला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी योयो सोडून आता पुन्हा घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. त्यांची अडचण नवशिक्यापेक्षा वेगळी असते. नवशिक्याला काहीच येत नसतं. यांना जे येतं तेच आडवं येतं.

जुन्या प्लास्टिकच्या योयोत दोन बाजूंमधली फट अरुंद असायची. मनगटाला हलका झटका दिला की सैल झालेली दोरी कडेला घासून पकड घ्यायची आणि योयो वर यायचा. शटरची फट रुंद आहे आणि मधे बॉल बेअरिंग आहे, त्यामुळे कितीही झटके द्या, तो खालीच फिरत राहतो. दुकानदाराला ‘खराब पीस आला’ म्हणून फोन जातो तो इथेच. वर आणायचा तर ‘बाइंड’ करावं लागतं: दुसऱ्या हाताच्या बोटाने दोरीचा पदर दुहेरी करून फटीत सारायचा, त्या जाडीने फटीच्या आत बसवलेल्या सिलिकॉनच्या चकत्या पकड घेतात, मग बोट सोडायचं. पदर फिरण्याच्या दिशेनेच आत गेला पाहिजे. उलटा गेला तर योयो नुसता घसटतो. दिशा आठवत नसेल तर जमिनीला टेकवून पाहा. सरळ फेकलेला योयो पुढे पळतो. बाइंड हाताला बसायला साधारण आठवडा धरा. तोवर बेअरिंगमध्ये थोडं घट्ट ग्रीस भरलं तर योयो झटक्याने वर येतो, नंतर ते धुऊन काढता येतं.

शटरचं अंग 6061 अ‍ॅल्युमिनियमचं, एकाच धातूचं. 2014 साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत जेंट्री स्टाइनने 1ए गट (एकाच योयोवर दोरीच्या ट्रिक) जिंकला तो याच मॉडेलवर. मात्र परतणाऱ्याला याचा खरा फायदा म्हणजे फेक थोडी वाकडी गेली तरी योयो लगेच कलंडत नाही. बायमेटल, म्हणजे कडेला स्टीलचं कडं असलेले योयो जास्त वेळ फिरतात, पण पहिल्या वर्षात तो फरक हाताला कळत नाही. आणि ज्यांना जुने लूप (योयो न थांबवता पुन्हा पुन्हा पुढे फेकणं), ‘अराउंड द वर्ल्ड’ (योयोचा हवेत मोठा गोल फेरा) हेच खेळायचं आहे त्यांनी हा घेऊच नये. लूपला फुगीर, अरुंद फटीचा, झटक्याने परतणारा प्लास्टिकचा योयोच हवा.

नऊ महिन्यांत अंगाला फारसं काही झालं नाही. खर्च आणि वैताग दोन्ही दोरी-बेअरिंगचे.

दोरी शंभर टक्के पॉलिएस्टरची घ्या, शंभराच्या गठ्ठ्यात. पतंगाचा मांजा किंवा भोवऱ्याची सुती जाळी लावण्याचा मोह टाळा: मांजा बोट कापतो, आणि जाळी जाड असल्याने आपोआप पकड घेते. बेअरिंगभोवती एकच वेढा घालायचा. लांबी ठरवायला योयो जमिनीवर ठेवा, दोरी सरळ वर धरा आणि बेंबीच्या दोन-तीन बोटं वर कापून फास बांधा. रोजच्या खेळात दोरी तीन-चार दिवसांत संपते. योयोजवळचा भाग करडा, केसाळ दिसला की बदला. तुटण्याची वाट पाहिली तर योयो समोरच्या काचेत जातो.

पीळ ही दुसरी गोष्ट. फेक आणि बाइंड मिळून दोरीत पीळ वाढतो किंवा सुटतो. वाढला की सैल दोरी स्वतःभोवती गुंडाळते आणि स्लॅकच्या, म्हणजे सैल दोरी झुलवायच्या ट्रिक फसतात. सुटला की दोरी लोळागोळा होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे मात्र फास बोटातून काढून योयो हवेत लोंबकळत सोडला की दहा-पंधरा सेकंदांत जातो.

बेअरिंग सी आकाराचं: आतला व्यास 6.35 मिमी, बाहेरचा 12.7, रुंदी 4.76. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या बेअरिंगवाल्यांकडे विचारायचं तर ‘आर-188, दोन्ही बाजूंना शील्ड (पत्र्याचं झाकण)’ असं सांगा. उघड्या आर-188 ची रुंदी 3.18 मिमी असते, ते बसवलं तर फट आवळते. नाशिकला बेअरिंगला दोन शत्रू: उन्हाळ्यात गोल्फ क्लब मैदानाची धूळ आणि पावसाळ्यातला दमटपणा. आवाज खरखरीत झाला, किंवा योयो अचानक झटक्याने वर यायला लागला, की साफसफाईची वेळ. शील्डची बारीक रिंग सुईने उचला, बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकून मिनिटभर हलवा. अल्कोहोल स्वच्छ राहीपर्यंत बदलत जा. पूर्ण वाळल्यावर टाचणीच्या टोकावर येईल एवढंच पातळ तेल लावा. जास्त तेल घातलं की योयो पुन्हा जुन्यासारखा परतू लागतो, आणि मग लोक नवीन बेअरिंग मागवतात. कोरडं बेअरिंग गुणगुणतं, त्यात काही बिघाड नाही.

सिलिकॉनच्या चकत्या 19 मिमीच्या, पातळ. नव्या असताना फार चावतात, दोरी मधेच अडकून योयो अंगावर येतो. चार-पाच दिवस गॉगल नाहीतर चष्मा लावा. सहा महिन्यांच्या सुमारास बाइंड घसरू लागलं, तेव्हा जुन्या चकत्या टाचणीने उचकटून, खाच स्पिरिटने पुसून नव्या दाबल्या.

शहाबादी फरशीवर आपटला की कडेला धारदार कंगोरा येतो. तो दोरी आणि बोट दोन्ही कापतो. बारीक पॉलिश पेपर, 600 किंवा 800 नंबरचा, हलक्या हाताने फिरवा. थरथर वाढली तर आधी आसाचा स्क्रू वाकला आहे का बघा. दोन्ही बाजू जोडताना आधी उलटं फिरवून ‘टक’ ऐकायचं, मग सुलटं आवळायचं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. बोटांनीच आवळा, पकडीने कधीच नाही.