नियमाचा तर्क की माणसांचा अनुभव: इस्लामी कुटुंबकायद्याच्या अभ्यासकासाठी

इस्लामी कुटुंबकायद्यातल्या प्रश्नाला कियासच्या (ज्ञात नियमावरून साधर्म्याने काढलेल्या तर्काच्या) वाटेने भिडावे की मसलहत (लोकहित) आणि उर्फ (रूढी) यांच्या, हा पेच ज्यांच्यापुढे आहे त्यांना फिकहची, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राची, तोंडओळख असेलच. म्हणून सविस्तर व्याख्या देत नाही. मी काही वर्षे पहिल्या वाटेने चाललो आणि मग दुसरीकडे वळलो, हे आधीच सांगितलेले बरे.

तर्काचे श्रेय मात्र कमी लेखता येणार नाही. कुराणात एके ठिकाणी गर्भ व स्तनपान मिळून तीस महिने सांगितले आहेत, तर दुसरीकडे स्तनपानाची दोन वर्षे; वजाबाकी करून फकीहांनी (विधिज्ञांनी) गर्भाचा किमान काळ सहा महिने ठरवला आणि अनुभवाने त्याला सहसा धक्का दिला नाही. कमाल काळाबाबत वचन नाही, तिथे हनफी विधिपंथाने दोन आणि शाफी विधिपंथाने चार वर्षे मानली. हा प्रश्न रूढी आणि अनुभव यांवर सोडवावा असे म्हणणारा इब्न रुश्द (मृत्यू ११९८) काझी होता, तसाच वैद्य आणि तत्त्वज्ञही. इजिप्तने १९२९ च्या कायद्यात एका वर्षाची मर्यादा आणली. अर्थात, जुन्या लांब मुदतीमुळे काही विधवांची बदनामी टळली असेल, हेही नाकारवत नाही.

माझे मन फिरले ते बेपत्ता पतीच्या प्रश्नावर. इस्तिसहाबचा नियम असा की, जी स्थिती ज्ञात आहे ती बदलल्याचे सिद्ध होईपर्यंत कायम धरावी. म्हणून हनफी मतानुसार त्याच्या बरोबरीचे लोक मरेपर्यंत, काहींच्या मते त्याच्या वयाची ९० वर्षे भरेपर्यंत, तो जिवंतच मानायचा. पती तिसाव्या वर्षी नाहीसा झाला असे धरून मी वहीत हिशेब मांडला, तेव्हा पत्नीच्या वाट्याला साठ वर्षांची प्रतीक्षा आली. तेही एकवेळ सोसले असते; पण त्याच काळात भाऊ वारला तर याच माणसाचा वारसाहक्क सिद्ध धरत नाहीत, वाटा नुसता राखून ठेवतात. पत्नीपुरता जिवंत आणि भावाच्या मिळकतीपुरता अनिश्चित, हे तर्काच्या परिभाषेत बसवता येते (इस्तिसहाब बचावाला चालतो, नवा हक्क मिळवायला नाही), तरी मला ते शेवटपर्यंत पचले नाही.

मालिकी या आणखी एका विधिपंथाच्या मताने चार वर्षे आणि त्यानंतर इद्दत (पुनर्विवाहापूर्वीचा सक्तीचा प्रतीक्षाकाळ) एवढेच मागितले. हनफी चौकटीत सुटका मिळेना म्हणून भारतात काही स्त्रिया धर्मत्यागाकडे वळू लागल्या, तेव्हा तेच मत उचलून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला.

वारसाहक्काच्या वाटण्या शिकायच्या असतील, तर तर्काची वाट अजूनही अधिक भरवशाची वाटते. विवाहविच्छेदाच्या प्रश्नात मात्र, माझ्या अल्प अनुभवावरून, सुरुवात प्रतीक्षा करणाऱ्या व्यक्तीपासून करावी असे सुचवेन. तसे केल्याने तर्क हद्दपार होतो असेही नाही: १९३९ च्या कायद्यात पती बेपत्ता असल्याच्या कारणावरून दिलेला हुकूमनामा सहा महिने अमलात येत नाही, आणि तेवढ्यात तो परतून संसार करण्याची तयारी न्यायालयाला पटवू शकला, तर हुकूमनामा रद्द होतो.