‘द क्लासरूम’ : शिक्षकांनी शिक्षकांसाठी उभारलेला पाठसंग्रह

ब्रिटनमधील ‘स्कूल्स आऊट’ या संस्थेचा ‘द क्लासरूम’ हा समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी (एलजीबीटी) व्यक्तींविषयीचा विनामूल्य पाठसंग्रह वापरताना त्यामागची माणसे सतत जाणवत राहतात. 1974 मध्ये समलिंगी शिक्षकांच्या संघटनेतून या कामाची सुरुवात झाली. पुढे 1988 च्या कलम 28 या कायदेशीर तरतुदीने शाळा चालवणाऱ्या स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’स मनाई केल्यावर वर्गात साधा उल्लेख करायलाही शिक्षक कचरू लागले, आणि स्कॉटलंडमध्ये 2000 साली, तर इंग्लंड व वेल्समध्ये 2003 साली ते कलम रद्द झाले. या साऱ्या काळात टिकून राहिलेल्या शिक्षिका स्यू सँडर्स यांनी पॉल पॅट्रिक यांच्यासोबत 2005 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधला पहिला एलजीबीटी इतिहास महिना घडवून आणला.

या संग्रहाचे खरे बळ मला सँडर्स यांच्या एका आग्रहात दिसते : हा विषय खास तासापुरता न ठेवता रोजच्या शिकवण्यात सहज यावा. त्याच धर्तीवर मी गणिताचे एक शब्दोदाहरण रचले. दोन आया आपल्या मुलाच्या खोलीला रंग देतात; किती डबे लागतील? मुलांनी भिंतींचे क्षेत्रफळ काढले, खिडकी वजा केली, उत्तर लिहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र ते उदाहरण दोनदा वाचत राहिली, आणि तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

पाठ इंग्लंडच्या अभ्यासक्रमाला धरून असल्याने इतरत्र थोडी जुळवाजुळव करावी लागते. तेवढे कष्ट शिक्षकांनी जरूर घ्यावेत.