तिसरी गाळून थेट चौथीत?

जून जवळ आला की एखादी आई वही घेऊन येते. "बाई, दुसरी झाली, पण चौथीची गणितं करते ओ. तिसरी गाळून चौथीत बसवू का?" सातारा जिल्ह्यातल्या जावळी, पाटणच्या वाडीवस्तीवर शिकवताना हा प्रश्न मला अनेकदा भेटला.

आधी एक बघा: पोर नेमकं कशात पुढं आहे? गणितात पुढं असलेली बरीच मुलं लिहिण्यात मात्र आपल्याच यत्तेची असतात. डोक्यात उत्तर तयार, पण चार ओळी लिहिताना हात दुखतो. अशांना चौथीत बसवलं तर हुशार म्हणून गेलेलं लेकरू शुद्धलेखनात मागं पडतं आणि खट्टू होतं. त्यांच्यासाठी मला दुसरी वाट बरी वाटते: पटावर तिसरी, गणिताला चौथी. आमच्या द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन यत्ता एकाच खोलीत बसतात, त्यामुळं नुसती जागा बदलली की झालं. शहरातल्या शाळेत वेळापत्रक जुळवावं लागतं, पण मागून तरी बघा.

वाचन, लेखन, गणित तिन्हीत पुढं असेल आणि रोज वर्गात कंटाळून बसत असेल, तर मात्र यत्ता गाळण्याचा विचार जरूर करा. वर्षभर येतंय तेच गिरवत बसलेल्या मुलाची मेहनतीची सवयच मोडते. ते नुकसान मला लहान वाटत नाही.

आता वयाचं. साताऱ्याची सैनिक स्कूल, १९६१ची, देशातली पहिली, इथल्या किती घरांचं स्वप्न! सहावीच्या प्रवेशाला ३१ मार्च रोजी वय १० ते १२ लागतं. ऑक्टोबरात जन्मलेलं मूल पहिलीत पावणेसहाचं असतं. एक यत्ता गाळली तर सहावीच्या वेळी ३१ मार्चला साडेनऊचंही नसतं. दार बंद. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिथं सहावीच्या ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी प्रत्येकी पूर्ण वर्ष शिकलेली लागते, म्हणजे तिसरी गाळणं तिथंही नडतं. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात. एक यत्ता गाळूनही ते जमतं.

थोरलं भावंड त्याच चौथीत असेल तर नकोच. रोजची तुलना दोघांनाही सोसत नाही.

आणि पोराला विचारा. आधी चौथीच्या वर्गात आठवडाभर बसू द्या. मधल्या सुट्टीत ते कुणाबरोबर डबा खातं, तेवढं बघून या.