आयात मालामुळे नोकरी गेली : अटल योजना की राजीव गांधी योजना?

गोव्यातली औद्योगिक वसाहत कुंकळ्ळीची असो वा वेर्ण्याची, कामगार हाच प्रश्न विचारतो : बाहेरच्या स्वस्त मालामुळे आमचं युनिट बंद पडलं, सरकार काय देतं? आयातीमुळे गेलेल्या नोकरीसाठी आपल्याकडे वेगळी योजना नाही. अमेरिकेत 1962 च्या कायद्यापासून तशी मदत होती. तीन कामगार मिळूनही अर्ज करू शकत. पण जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. आपल्याकडे एप्रिल 2025 मध्ये आयात होणाऱ्या सपाट पोलादावर (पत्रे, कॉइल वगैरे) देशी कारखान्यांच्या बचावासाठी 12 टक्के तात्पुरता सेफगार्ड कर लागला, त्याने वाचला तर कारखाना वाचतो. कामगाराच्या खात्यात त्यातलं काही येत नाही.

मग उरतात ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, दोन योजना. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तरच या दोन्ही तुमच्यासाठी.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 ची. सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. दोन वर्षं विमाधारक असायला हवं. शिवाय बेकारीच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत 78 दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एकात 78 दिवस वर्गणी भरलेली हवी. कंत्राटदाराकडच्या माणसाला बहुधा हीच जमते, कारण दुसऱ्या योजनेला लागणारा नोकरकपातीचा कागद त्याच्या हाती क्वचितच पडतो. हिची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलं आहे, म्हणून दावा करण्याआधी ती चालू आहे ना, एवढं विचारून घ्या.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासूनची, आणि माझ्या मते कितीतरी भारी. पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. शिवाय त्या काळात तुमच्या आणि कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर ही सोय काय मोलाची, ते वेगळं सांगायला नको. महिना 18,000 धरला तर अटलमधून मिळतील सुमारे 27,000 रुपये. राजीव गांधीतून दोन वर्षांत सुमारे 1,62,000. अट मात्र कडक : नोकरी कारखाना बंद झाल्यामुळे किंवा कायदेशीर नोकरकपातीमुळेच गेलेली हवी, नाहीतर नोकरीबाहेरच्या अपघाताने आलेलं किमान 40 टक्के कायम अपंगत्व. मध्येच दुसरी नोकरी लागली की भत्ता थांबतो. दोन्ही योजनांचे पैसे एकाच काळासाठी मिळत नाहीत.

म्हणजे निवड योजनेआधीच, एका सहीपाशी होते. ऑफिसमध्ये बोलावून पुढे कागद सरकवतात, ‘स्वेच्छानिवृत्ती घे, जरा जास्त देतो.’ गणपतीची चवथ तोंडावर असते, माणूस सही करतो. स्वेच्छानिवृत्ती घेतली की दोन्ही योजनांची दारं बंद. राजीनामा लिहून दिलात, तर राजीव गांधी योजनाही जाते आणि कपातीची भरपाईही. ‘जरा जास्त’ किती, ते आधी हिशेब करून बघा. कपात झाली तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार मिळतो. 12 वर्षांची नोकरी आणि 18,000 पगार असेल तर 1,08,000 रुपये, ग्रॅच्युइटी वेगळी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपातीनंतर आणखी 15 दिवसांच्या पगाराएवढा रीस्किलिंग (नवं कौशल्य शिकण्यासाठीचा) निधी 45 दिवसांत खात्यात यायला हवा. हे सगळं मिळून मालकाच्या पाकिटापेक्षा कमी भरत असेल, तर घ्या पाकीट, मी अडवणार नाही.

पगार 21,000 च्या वर असेल तर ईएसआय विसरा. भरपाई, ग्रॅच्युइटी आणि निधी यांचाच हिशेब मांडा, आणि कमी मिळालं तर पणजीला पाटोवर कामगार आयुक्तांकडे जा. जाताना पगाराच्या स्लिपा, ईएसआय क्रमांक आणि कपातीचं पत्र बरोबर असू द्या. पत्रात ‘कपात’ किंवा ‘कारखाना बंद’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे का, ते गेटबाहेर पडण्याआधी वाचा.