पाकट बघायचा की कस्तूर? आधी महिना सांगा

सिंधुदुर्गात चाललोय, पोरांना पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) दाखवू की शीळकरी कस्तूर हा गाणारा पक्षी, असं कोणी विचारलं की मी आधी महिना विचारतो, अर्धा निकाल तिथेच लागतो. जून-जुलै असेल तर विषयच संपला, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, पाकट दिसणार कुठून? आणि नेमका तेव्हाच आंबोलीत कस्तूर रंगात आलेला असतो.

पहाटे अंधारातच सुरू होतो. गाण्याला धड चाल नाही, एखादा पोरगा रमतगमत शीळ घालत शाळेत निघालाय असं वाटतं, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच रस्त्यावर वाकून पाहिलं होतं कोण आहे ते. पक्षी साधारण मैनेएवढा, लांबून नुसता काळा, पण उजेड पडला की कपाळ आणि खांदा निळे चमकतात. फक्त धुकं असतं हो, कधीकधी नुसता आवाज ऐकून परतावं लागतं.

पाकट म्हणजे एकदम उलटा मामला, आवाज नाही पण हाताच्या अंतरावर दिसतो. पावसाळा सरला की मालवणकडे सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे थांबा, नशीब असेल तर जाळ्यात काउटेल जातीचा सापडतो, शेपटीखाली रुंद झालर असलेला. पूर्वी याच्या खरखरीत कातडीने तलवारीच्या मुठी मढवायचे. रापणकराने उलटा करून दाखवला की पोरं खिदळतात, कारण खाली हसरा चेहरा दिसतो, पण ते डोळे नसतात, नाकपुड्या असतात. खरे डोळे वर, त्यांच्यामागे एकेक भोक, वाळूत पुरून बसला की तिथून पाणी आत घेतो. अंडी नाही घालत, पिल्लंच देतो.

शेपटीला मात्र हात नको, मेलेला असला तरी, काटा करवतीसारखा आणि विषारी. उथळ पाण्यात पाय घासत चालायचं म्हणजे तो आधीच पळतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.

लहान पोरं बरोबर असतील तर पाकटच बरा, त्यांना पहाटे गप्प कोण बसवणार, शिवाय दुपारी पाकटाचं तिखलंही मिळू शकतं. मला विचाराल तर मी कस्तूरवाला. आंबोलीत खोली घेताना फक्त ओढ्याकडे खिडकी असलेली मागा, गजर लावायची गरज नाही.