बाडमेर की कृष्णा-गोदावरी? वालुकाश्मांच्या अभ्यासासाठी खोरे निवडताना

तेल-वायू साठवणाऱ्या वालुकाश्मांवर (वाळूच्या खडकांवर) एम.एस्सी.चा प्रबंध किंवा पीएच.डी. करायची ठरली की दोन नावांपाशी गाडी अडते: राजस्थानातले बाडमेर खोरे आणि आंध्र किनाऱ्यावरचे कृष्णा-गोदावरी खोरे. खोरे म्हणजे इथे गाळ साचत गेलेला खोलगट भूभाग. मुंबई हाय आपल्या जवळचे खरे, पण तिथला मुख्य साठा चुनखडकात आहे, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

प्रश्न दोन्हीकडे एकच. या विहिरीत लागलेली वाळू आणि काही किलोमीटरवरच्या विहिरीतली वाळू एकाच थरातली आहे का, आणि असली तरी तेल किंवा वायू एकीकडून दुसरीकडे वाहू शकेल का? उत्तर शोधण्याची साधने मात्र दोन्ही ठिकाणी अगदी वेगळी आहेत, आणि निवड त्यावरूनच करावी असे माझे मत आहे.

बाडमेर हे गुजरातेतल्या खंबातच्या खचदरीचे (जमीन खचून बनलेल्या लांबट दरीचे) उत्तरेकडचे अरुंद टोक. 2004 साली केर्न कंपनीला इथे मंगला क्षेत्र सापडले आणि ऑगस्ट 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले. तेल मेणचट आहे, थंड झाले की थिजते, म्हणून गुजरातपर्यंतची पाइपलाइन सतत तापती ठेवावी लागते. हे तेल आहे फतेहगढ संघाच्या (एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या) वालुकाश्मात. हा खडक नद्यांनी आणलेल्या वाळूचा आहे आणि त्याचा काळ साधारण क्रिटेशियसच्या (डायनोसॉरांच्या शेवटच्या काळाच्या) अखेरीपासून त्यापुढच्या पॅलिओसीनपर्यंतचा. खालच्या भागात वेणीसारख्या फाटत जाणाऱ्या उथळ प्रवाहांची आणि पसरट पुरांची वाळू एकावर एक साचली आहे, त्यामुळे ती आडवी-उभी चांगली जोडलेली असते. वरच्या भागात नद्या नागमोडी झाल्या. तिथे वाळूचे पट्टे सुटे पडतात आणि मधल्या चिखलखडकात हरवतात. एका विहिरीत दहा मीटर वाळू, शेजारच्या विहिरीत त्याच खोलीवर नुसता चिखलखडक, असा प्रकार इथे नवा नाही.

नवख्या अभ्यासकाची खरी परीक्षा इथेच होते. गॅमा रे लॉगवर (विहिरीतल्या खडकांचा किरणोत्सार खोलीनुसार दाखवणाऱ्या आलेखावर) दोन विहिरींतली वाळू सारखी दिसली की हात आपोआप दोन्हींना एकच थर मानून रेघ जोडायला जातो. पण नदी पात्र बदलत असते. सारखी दिसणारी ती दोन पात्रे हजारो वर्षांच्या अंतराने वाहिलेली असू शकतात. समुद्री जीवाश्म नसल्यामुळे काळाचा पुरावा तुटपुंजा असतो. आधार परागकण आणि बीजाणूंचा, आणि हवेशी संपर्क आलेल्या लाल चिखलखडकात तेही बहुधा टिकत नाहीत. मग जुन्या मृदेचे थर, दूरवर पसरलेले चिखलखडकाचे पट्टे आणि वाळूतली जड खनिजे यांच्यावर विसंबावे लागते. मंगलात पुढे पॉलिमर मिसळलेले पाणी सोडून तेल ढकलण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. वाळूची जोडणी चुकीची धरली तर असे पाणी भलतीकडेच जाते, म्हणून हा प्रश्न कागदापुरता राहत नाही.

बाडमेरची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे खडक उघड्यावर बघता येतो. सरनूच्या टेकड्यांत याहून जुन्या, घग्गर-हाकरा संघाच्या नदीजन्य वालुकाश्मांची उघडी पाने आहेत. पात्राची रुंदी आणि वाळूच्या थराची जाडी तिथे टेपने मोजता येते. त्याच भागात सरनू-दंडालीचे अल्कली अग्निजन्य खडक आहेत आणि त्यांचा संबंध दख्खनच्या ज्वालामुखीच्या सुरुवातीच्या हालचालींशी जोडला जातो. सह्याद्रीत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही जागा परकी वाटणार नाही.

कृष्णा-गोदावरीत सगळे उलटे. 2002 साली रिलायन्सला खोल समुद्रातल्या डी-6 ब्लॉकमध्ये वायू सापडला. तिथली वाळू तरुण, प्लायोसीन-प्लाइस्टोसीन काळातली, समुद्रतळावरच्या पात्रांत आणि त्यांच्या काठांवर साचलेली. फोरॅमिनिफेरा आणि नॅनोप्लँक्टन या सूक्ष्म समुद्री जीवाश्मांमुळे काळाचे घड्याळ चांगले चालते, आणि वायूमुळे वाळू भूकंपीय आलेखावर (कृत्रिम धक्क्यांच्या परतलेल्या लहरींवरून काढलेल्या चित्रावर) उजळून दिसते, पात्राचे वळणसुद्धा दिसते. पण विहिरी महाग आणि त्यामुळे मोजक्याच. वाळूचे पातळ थर भूकंपीय लहरींच्या नजरेत मावत नाहीत, आणि मध्ये चिकणमाती असल्याने रोधकता (विजेला होणारा विरोध) कमी दाखवून ते लॉगवरही फसवतात. डी-6 मधले वायूचे उत्पादन 2009 मध्ये सुरू झाले आणि 2010 नंतर झपाट्याने घसरले. कंपनीने भूगर्भातली गुंतागुंत पुढे केली, सरकारने विहिरी कमी खोदल्याचे म्हटले, आणि वाद लवादापर्यंत गेला.

या खोऱ्याचे महाराष्ट्राशी जे नाते आहे, त्यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पण तिथल्या बेसाल्टमध्ये (दख्खनच्या काळ्या खडकात) क्वार्ट्झ, म्हणजे वाळूचे मुख्य खनिज, जवळजवळ नसतोच. नाशिक-मराठवाड्यातून समुद्रात जाते ती मुख्यतः चिकणमाती. क्वार्ट्झची वाळू यायला वैनगंगा-प्राणहिता आणि इंद्रावतीच्या खोऱ्यातले जुने ग्रॅनाइटी खडक आणि गोंडवाना वालुकाश्म लागतात. म्हणजे कोणत्या काळात कोणती उपनदी जास्त गाळ देत होती यावर साठ्याचा दर्जा ठरू शकतो.

आता निवड. भूकंपीय माहिती आणि ती वाचायचे सॉफ्टवेअर विभागात असेल, मार्गदर्शकाचा सूक्ष्मजीवाश्मांत हात असेल, तर कृष्णा-गोदावरी घ्यावे. अशी भूकंपीय माहिती हाताशी नसताना मात्र खोल समुद्राचा विषय मुळीच घेऊ नये. दुसऱ्यांच्या आकृत्या पुन्हा काढण्यापलीकडे त्यातून काही निघत नाही. पूर्व किनाराच हवा असेल तर पश्चिम गोदावरी भागात गोल्लापल्ली आणि तिरुपती वालुकाश्म जमिनीवर उघडे आहेत, तिथून सुरुवात करता येते.

बाकी बहुतेकांना मी बाडमेर सुचवेन. हातोडा, टेप आणि सूक्ष्मदर्शकासाठी खडकाचे पातळ काप करण्याची सोय एवढ्यावर निम्मे काम उभे राहते, आणि ते काम तुमचे स्वतःचे असते. विहिरींच्या माहितीसाठी हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या राष्ट्रीय माहिती भांडाराकडे विद्यापीठामार्फत विचारणा करावी. तोवर लॉग जोडण्याचा सराव हवा असेल, तर इक्विनॉर या नॉर्वेच्या तेल कंपनीने 2018 मध्ये खुली केलेली तिथल्या व्होल्व तेलक्षेत्राची माहिती उत्तम आहे. तिथला ह्यूगिन वालुकाश्म उथळ समुद्रातला आहे, त्यामुळे त्यावर बसलेली सवय बाडमेरच्या नद्यांना जशीच्या तशी लावू नका. आणि विषयाची नोंदणी करण्याआधी कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल) कुठे ठेवला आहे आणि तो बघायची परवानगी कोण देते, हे लेखी विचारून घ्या.